सभा सर्वांची, दरवाजा एकाचा

सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्याच्या २५ तारखेस न्यूयॉर्क येथें संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेपुढें एक भाषण झालें. परंतु भाषण करणारा मनुष्य सभेंत नव्हता. पॅलेस्टाइनचे अध्यक्ष महमूद अब्बास यांचा चेहरा पडद्यावर दिसत होता, आवाज ऐकूं येत होता, आणि ते स्वतः मात्र समुद्रापलीकडे होते. असें होण्याचें कारण उघड होतें. त्याच वर्षीं २९ ऑगस्ट रोजीं अमेरिकन सरकारनें पॅलेस्टाइनच्या पुढाऱ्यांस व अधिकाऱ्यांस व्हिसा नाकारण्याचा आणि दिलेले व्हिसे रद्द करण्याचा आपला निर्णय जाहीर केला होता. तेव्हां १९ सप्टेंबर रोजीं आमसभेस असा ठराव करावा लागला कीं, अब्बास यांस दुरूनच बोलूं द्यावें. ठरावाच्या बाजूनें १४५ राष्ट्रें, विरुद्ध ५ व तटस्थ ६ अशी मतांची विभागणी झाली. ज्या सभेंत एकशें पंचेचाळीस राष्ट्रें एका मनुष्याचें म्हणणें ऐकण्यास तयार आहेत, त्या सभेच्या दारांतून त्या मनुष्यास आंत आणण्याची शक्ति मात्र त्या एकशें पंचेचाळिसांच्या अंगीं नाहीं, हें दृश्य जगानें पाहिलें.

पॅलेस्टाइनच्या प्रश्नाचा निकाल कसा लागावा याविषयीं आमचीं मतें आहेत; परंतु तो आजचा विषय नव्हे. पाहुणा आम्हांस आवडतो किंवा नाहीं, त्याचा पक्ष न्याय्य आहे किंवा नाहीं, हें सर्व बाजूस ठेवून आम्ही एकच गोष्ट विचारतों. सभा सर्वांची असतां तिच्या दाराची किल्ली एकाच्या कमरेला असावी काय? आणि करारानें ती तशी ठेवलेली नसतां तो एक ती परत देत नसेल, तर इतरांनीं काय करावें?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस वाटेच्या हक्काचे दावे परिचयाचे असतील. एका मोठ्या शेताच्या पोटांत दुसऱ्याचा लहान तुकडा असतो. त्या तुकड्यास रस्त्याकडे तोंड नसतें. शेताच्या धन्यानें तुकडा देतांना जाण्यायेण्याची वाटहि कबूल केलेली असते. पुढें दोघांचें बिनसलें म्हणजे धनी कुंपणाला कुलूप ठोकतो आणि म्हणतो कीं, "तुकडा तुझा, पण वाट माझ्या शेतांतून जाते!" असल्या धन्याचें म्हणणें कोणताहि मुनसफ ऐकून घेणार नाहीं. १८८२ सालच्या आपल्याकडील सुखाधिकाराच्या कायद्यानेंहि गरजेच्या वाटेचा हक्क मान्य केलेला आहे. कारण वाटेवांचून जमीन देणें म्हणजे एका हातानें देऊन दुसऱ्या हातानें काढून घेणें होय. न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीकांठीं संयुक्त राष्ट्रसंघाची जी जागा आहे, ती नेमकी अशा तुकड्यासारखी आहे. तिच्या चारी बाजूंस अमेरिकेचें राज्य आहे. ती जागा घेण्यासाठीं १९४६ च्या डिसेंबरांत धाकटे जॉन रॉकफेलर यांनीं ८५ लाख डॉलर देऊं केले व आमसभेनें ती देणगी स्वीकारली. जागा ठरली, राहिला होता तो वाटेचा प्रश्न.

तो प्रश्न लेखी करारानें सोडविण्यांत आला. २६ जून १९४७ रोजीं लेक सक्सेस येथें संघाचे सरचिटणीस ट्रिग्वे ली व अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनीं मुख्यालयाच्या करारावर सह्या केल्या. अमेरिकेच्या काँग्रेसनें ऑगस्टांत त्यास मान्यता दिली, आणि २१ नोव्हेंबर १९४७ पासून तो अमलांत आला. त्या करारांतील तीन कलमें वाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगीं आहेत. अकराव्या कलमानें सभासद राष्ट्रांचे प्रतिनिधि, संघाचे अधिकारी, या दोहोंचीं कुटुंबें, संघानें मान्य केलेले वृत्तपत्रकार आणि संघानें कामासाठीं बोलाविलेले इतर लोक यांच्या मुख्यालयाकडे जाण्यायेण्यास अमेरिकेच्या कोणत्याहि अधिकाऱ्यानें, मग तो मध्यवर्ती सरकारचा असो, संस्थानचा असो कीं नगरपालिकेचा असो, अडथळा करूं नये असें ठरलें. बाराव्या कलमानें हें बंधन त्या त्या माणसाच्या सरकारशीं अमेरिकेचे संबंध कसेहि असले तरी लागू राहील असें स्पष्ट केलें. आणि तेराव्या कलमानें, व्हिसा लागतच असेल तर तो विनामूल्य व शक्य तितक्या लवकर द्यावा असें बांधून घेतलें.

हीं कलमें ज्यांनीं लिहिलीं ते भोळे नव्हते. स्नेह्यास दार उघडण्यासाठीं कराराची गरज पडत नसते. करार लिहावा लागतो तो ज्याच्याशीं उद्यां वांकडें येईल त्याच्यासाठीं. बारावें कलम गाळलें तर उरलेल्या कराराचा अर्थ एवढाच उरेल कीं, अमेरिका तिला वाटेल त्यास येऊं देईल. आणि एवढ्यासाठीं कागद खर्ची घालण्याचें कारण नव्हतें. त्याचप्रमाणें "शक्य तितक्या लवकर" या शब्दांचा अर्थ आमच्या पेठेंतील कोणाहि व्यापाऱ्यास समजावून सांगावा लागणार नाहीं. सभा उठल्यावर हातीं पडलेला व्हिसा आणि सराफानें दिवाळें काढल्यावर हातीं पडलेली हुंडी यांची किंमत सारखीच. उघड नकार देण्याचें टाळून नुसता विलंब करणें हा नकाराचाच एक सभ्य वेष आहे, आणि अलीकडे तोच अधिक वापरांत आहे.

यावर अमेरिकेच्या बाजूनें जें उत्तर देण्यांत येतें, तें हलकें लेखण्यासारखें नाहीं. कोणत्याहि स्वतंत्र राष्ट्रास आपल्या हद्दींत कोण येतो हें पाहण्याचा अधिकार आहे. प्रतिनिधीच्या अंगरख्याखालीं हेर किंवा मारेकरी आला तर त्याचें रक्षण करण्यास कोणतेंहि सरकार बांधलेलें नाहीं. १९४७ सालीं कराराला मान्यता देतांना अमेरिकन काँग्रेसनें आपल्या ठरावांत असें कलमहि घातलें कीं, या करारानें देशाच्या सुरक्षिततेचा हक्क कमी होत नाहीं, आणि मुख्यालयाचा भाग व त्याच्या लगतचा परिसर सोडून इतरत्र परक्यांच्या प्रवेशावर पूर्ण ताबा राहील. परंतु या कलमाचा आधार घेणारांनीं तें शेवटपर्यंत वाचावें. मुख्यालय व त्याचा परिसर त्यांत स्वतः अमेरिकेनेंच वगळला आहे! सुरक्षिततेसाठीं प्रतिनिधीस शहराबाहेर फिरूं देऊं नये, हें त्यांतून निघेल. सभेसच येऊं देऊं नये, हें त्यांतून निघण्यास फारच ओढाताण करावी लागते. प्रत्यक्षांत फिरण्यावरची बंदी अमेरिका वापरीतहि आली आहे. कित्येक प्रतिनिधींस कोलंबस सर्कल या चौकापासून पंचवीस मैलांच्या घेऱ्याबाहेर जाण्यास मज्जाव असतो. शिवाय आलेल्या मनुष्यानें आपल्या हक्कांचा दुरुपयोग केला, तर त्यास घालवून देण्याचा मार्गहि तेराव्या कलमांतच आहे. १९२२ नव्हे, अगदीं अलीकडे, २०२२ सालीं रशियाच्या शिष्टमंडळांतील १२ जणांस अमेरिकेनें देश सोडावयास लावलें. घराबाहेर काढण्याचा हक्क ज्याच्या हातीं आहे, त्यानें भीतीचें निमित्त सांगून दारच लावून घेणें शोभत नाहीं.

आणि अनुभव काय सांगतो? १९६० च्या सप्टेंबरांत क्यूबाचे फिडेल कास्ट्रो न्यूयॉर्कला आले, रशियाचे ख्रुश्चेव्ह आले. दोघांवरहि अमेरिकेचा राग पराकाष्ठेचा होता. दोघांच्याहि मॅनहॅटन बेटाबाहेर फिरण्यावर बंधन घातलें. पण सभेंत मात्र येऊं दिलें. त्यांनीं अमेरिकेस तिच्याच भूमीवर शिव्याशाप दिले, आणि अमेरिकेचें कांहीं एक बिघडलें नाहीं. उलट, शत्रूलाहि बोलूं देणारें राष्ट्र म्हणून तिचा लौकिक वाढला. १९७४ सालीं यासर अराफात यांसहि व्हिसा मिळाला व त्यांनीं आमसभेंत भाषण केलें. तेंच राष्ट्र चौदा वर्षांनीं, १९८८ च्या नोव्हेंबरांत, त्याच अराफातांस व्हिसा नाकारतें झालें. संघाच्या कायदेविषयक सल्लागारांनीं हा करारभंग आहे असें मत दिलें. तेव्हां आमसभेनें १५४ विरुद्ध २ मतांनीं आपली बैठकच न्यूयॉर्कहून उचलून जिनीव्हास नेली, आणि अराफात तेथें बोलले. त्या वेळच्या आमसभेस जो स्वाभिमान दाखवितां आला, त्याचें स्थान २०२५ सालीं पडद्यानें घेतलें. यंत्रें सुधारलीं हें खरें; पण यंत्रांच्या सोयीमुळें हक्काचा आग्रह ढिला पडला, हेंहि तितकेंच खरें आहे.

मधल्या काळांत ही संवय वाढतच गेली. २०१४ सालीं इराणनें हमीद अबुतालेबी यांस आपले कायम प्रतिनिधि नेमलें असतां अमेरिकेनें त्यांस व्हिसा दिला नाहीं, आणि त्यासाठीं काँग्रेसनें एक कायदाहि केला. १९७९ सालीं तेहरानच्या वकिलातींत ५२ अमेरिकन ४४४ दिवस ओलीस धरले गेले होते, आणि त्या प्रकरणाशीं या गृहस्थांचा संबंध जोडण्यांत येत होता. अमेरिकन लोकांचा तो घाव आम्ही समजूं शकतों. तथापि घाव कितीहि खोल असला तरी जखमी मनुष्यास आपल्याच दाव्यांत न्यायाधीश होतां येत नाहीं, हें न्यायाचें पहिलें तत्त्व आहे. २०१९ सालीं रशियन शिष्टमंडळांतील कित्येकांचे व्हिसे अडून राहिले आणि त्या वादांत निःशस्त्रीकरणावर विचार करणाऱ्या समितीचें काम खोळंबलें. २०२० च्या जानेवारींत सुरक्षा समितीच्या बैठकीस येऊं पाहणाऱ्या इराणच्या परराष्ट्रमंत्र्यांस व्हिसा मिळाला नाहीं. आज याची पाळी, उद्यां त्याची. आणि ज्याची पाळी अद्याप आलेली नाहीं तो शेजाऱ्याच्या घराला लागलेली आग पाहत स्वस्थ बसतो.

हिंदुस्थानानें तरी असें स्वस्थ बसूं नये. कारण आपण ही आग अंगावर घेतलेलीं माणसें आहोंत. १९१८ च्या एप्रिलांत लोकमान्य टिळक होमरूलच्या शिष्टमंडळासह विलायतेस निघाले असतां कोलंबोस त्यांचे परवाने रद्द झाले व सर्व मंडळींस परत यावें लागलें. त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लीच्या काँग्रेसनें शांतता परिषदेसाठीं लोकमान्य टिळक, महात्मा गांधी व हसन इमाम यांस प्रतिनिधि निवडलें. पॅरिसच्या त्या परिषदेंत हिंदुस्थानच्या नांवाची खुर्ची होती. परंतु तिच्यावर माँटेग्यूसाहेब, बिकानेरचे महाराज व लॉर्ड सिंह ही सरकारनें निवडलेली मंडळी बसली. लोकांनीं निवडलेल्या लोकमान्यांस पॅरिसला जाण्याचा परवानाच मिळाला नाहीं, आणि १९१९ सालीं परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांस पत्र लिहून त्यांस आपल्या देशाची बाजू मांडावी लागली. त्या वेळीं कागदाच्या एका तुकड्यानें तीस कोटी लोकांचें तोंड बंद केलें. तेव्हां तो पासपोर्ट होता, आतां व्हिसा आहे. नांव बदललें, कुलूप तेंच आहे. ज्या प्रजेच्या पुढाऱ्यास पॅरिसच्या दारावर अडविलें होतें, त्या प्रजेनें न्यूयॉर्कच्या दारावर अडविलेल्या मनुष्याकडे, मग तो कोणाहि देशाचा असो, पाठ फिरविणें म्हणजे आपल्याच इतिहासाकडे पाठ फिरविणें होय.

येथवर आम्ही राष्ट्रांच्या मानापमानाविषयीं लिहिलें. परंतु अकराव्या कलमांत प्रतिनिधींबरोबर त्यांच्या कुटुंबांचाहि उल्लेख आहे, आणि वृत्तपत्रांतून त्यांच्याविषयीं क्वचितच कोणी लिहितो. अमेरिकेच्या १९५२ सालच्या कायद्यांत या मंडळींसाठीं 'जी' नांवाचा एक स्वतंत्र वर्ग आहे व त्याचे पांच पोटभेद आहेत. जी-१ हा मान्यताप्राप्त सरकारच्या कायम प्रतिनिधींचा. जी-२ हा त्याच सरकारांकडून तात्पुरत्या बैठकींस येणारांचा. जी-३ हा अमेरिकेनें ज्यांस मान्यता दिलेली नाहीं किंवा जीं संस्थेचीं सभासद नाहींत अशा सरकारांच्या प्रतिनिधींचा. जी-४ हा संयुक्त राष्ट्रसंघ, जागतिक बँक, नाणेनिधि अशा संस्थांच्या नोकरांचा. आणि जी-५ हा या सर्वांच्या घरगुती चाकरांचा. पहिल्या चारांचीं निकट कुटुंबें त्यांच्याच वर्गांत येतात. जी-३ कडे वाचकांनीं मुद्दाम लक्ष द्यावें. ज्याचें सरकारच अमेरिका मानीत नाहीं, त्याच्या प्रतिनिधीसाठींहि तिच्या स्वतःच्या कायद्यानें दार ठेविलें आहे! कायदा करणारांस जें कळलें, तें त्याची अंमलबजावणी करणारांस कळूं नये, हें नवल होय.

कुटुंबांचा प्रश्न मात्र दारापाशीं संपत नाहीं. तो घरांत सुरू होतो. वॉशिंग्टनच्या जागतिक बँकेंत किंवा न्यूयॉर्कच्या संघांत नोकरीस असलेल्या आपल्या इकडील एखाद्या गृहस्थाचें उदाहरण घ्या. मूल पांच वर्षांचें असतां तेथें गेलें, तेथील शाळेंत वाढलें. बापाचा व्हिसा आहे तोंपर्यंत त्याचा व्हिसा. परंतु साधारणपणें एकविसावें वर्ष, आणि पूर्ण वेळ शिकत असल्यास तेविसावें वर्ष, उलटलें म्हणजे तें मूल कायद्याच्या दृष्टीनें कुटुंबाबाहेर पडतें. पत्नीस किंवा पतीस नोकरी करावयाची तर वेगळी परवानगी हवी. बापाची नोकरी संपली म्हणजे सर्वांनाच गाशा गुंडाळावा लागतो. मेरीलंड विद्यापीठानें तर जी-४ वर्गांतील विद्यार्थ्यांस, त्यांचीं घरें त्याच संस्थानांत असूनहि, स्थानिक रहिवाश्यांच्या दरानें फी घेण्यास नकार दिला होता. तो वाद थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत गेला. १९७८ सालीं त्या न्यायालयानें, अशा मनुष्यास तेथें कायम राहण्याचा हेतु बाळगण्यास कायद्याची आडकाठी नाहीं असें सांगितलें. आणि १९८२ सालीं तर विद्यापीठाचा तो नियमच रद्द ठरविला, कारण मध्यवर्ती सरकारनें या लोकांस जी वागणूक देऊं केली आहे तिच्यावर संस्थानी संस्थेनें जादा ओझें लादूं नये. पुढें १९८६ च्या कायद्यानें दीर्घकाळ तेथें वाढलेल्या अशा जी-४ मुलांस कांहीं अटींवर कायमचें राहण्याचा मार्गहि मोकळा झाला. मात्र पंचविसाव्या वाढदिवसाआधीं अर्ज केला पाहिजे. जिनीव्हास स्विस सरकार अशा कुटुंबांतील पति, पत्नी व मुलें यांस काम करण्याचा खास परवाना देतें. न्याय करावयाचा ठरविला म्हणजे तो करतां येतो, हें या दाखल्यांवरून दिसून येईल. अमेरिकेच्या ज्या न्यायासनांनीं हे निवाडे केले, त्यांचें आम्हांस कौतुक वाटतें. आणि म्हणूनच तिच्या मंत्र्यांचें वर्तन आम्हांस अधिक खुपतें.

आतां राहिला तो पांचवा वर्ग, आणि तोच आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा. मोठ्या माणसाबरोबर त्याची मोलकरीण, आचारी, मुलें सांभाळणारी बाई जाते. तिचा व्हिसा धन्याच्या नोकरीला बांधलेला. भाषा परकी, गांव परकें, आणि भांडण झालें तर धनी कायद्याच्या कवचांत! अशा स्थितींत गांजणूक होऊं नये म्हणून अमेरिकेनें २००८ सालीं कायदा केला. त्यानें चाकराशीं लेखी करार हवा, तो त्यास समजेल अशा भाषेंत असावा, पासपोर्ट धन्यानें काढून घेऊं नये, आणि ज्या वकिलातींत छळाचे प्रकार चालूं दिले जातात तिला असे व्हिसे देण्याचें थांबवितां यावें, अशा तरतुदी केल्या आहेत. अशाच एका घरगुती नोकरीच्या व्हिशावरून १२ डिसेंबर २०१३ रोजीं न्यूयॉर्क येथें आपल्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांस अटक झाली. अंगझडतीच्या वृत्तानें सारा देश खवळला. दिल्लींत अमेरिकन वकिलातीपुढील अडथळे हलविण्यांत आले. आपल्या सरकारनें त्यांची नेमणूक संघांतील कायम शिष्टमंडळांत केली. १९१४ नव्हे, २०१४ च्या जानेवारींत त्यांस जी-१ व्हिसा व पूर्ण संरक्षण मिळालें आणि त्या स्वदेशीं परतल्या. मार्चांत न्यायालयानें त्या संरक्षणाच्या कारणावरून आरोपपत्र काढून टाकलें, व दोनच दिवसांनीं सरकारी पक्षानें तें पुन्हां दाखल केलें. खटल्याच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाहीं. आपल्या राष्ट्राच्या अधिकारी स्त्रीस सामान्य गुन्हेगाराप्रमाणें वागविलें याचा आम्हांस संताप आला, व तो योग्यच होता. परंतु त्या गदारोळांत आपल्यापैकीं कितीजणांनीं हें विचारलें कीं, परदेशीं नेलेल्या मोलकरणीस वेतन किती द्यावें, सुटी किती द्यावी, आणि तिनें गाऱ्हाणें सांगावें कोणाजवळ? राष्ट्राचा मान अधिकाऱ्याच्या देहांत असतो आणि मोलकरणीच्या देहांत नसतो काय? तीहि याच देशाची प्रजा आहे. घरांतल्या दुबळ्याचा हक्क ज्यास दिसत नाहीं, त्यानें बलाढ्य शेजाऱ्याकडे हक्क मागतांना आवाज चढवूं नये.

हाच नियम आपल्या देशाच्या दारासहि लागू करावयास हवा. दिल्लींत जागतिक आरोग्य संघटनेचें आग्नेय आशियाचें कार्यालय आहे. गुरुग्रामांत आंतरराष्ट्रीय सौरसंघाचें मुख्यालय आहे. आतां आपणहि यजमान झालों आहोंत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विशेष हक्कांचा कायदा आपण १९४७ सालींच केला. परंतु कागदावरील उदारपणाची परीक्षा रागाच्या क्षणीं होते. २०१९ च्या फेब्रुवारींत पुलवामाचा घात झाला, चाळीस जवान गेले, आणि त्याच आठवड्यांत दिल्लींत भरणाऱ्या नेमबाजीच्या जागतिक स्पर्धेस पाकिस्तानी नेमबाजांस व्हिसे मिळाले नाहींत. राग समजण्यासारखा होता; पण परिणाम काय झाला? आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें भारतांत यापुढें स्पर्धा भरविण्याविषयींचीं बोलणींच थांबविलीं, आणि जूनमध्यें आपल्या सरकारनें सर्व पात्र खेळाडूंस येऊं देऊं असें लेखी दिल्यावरच तीं पुन्हां सुरू झालीं. खेळाच्या बाबतींत जें लागू, तें राष्ट्रांच्या सभेस शतपट लागू. नाहींतर आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा, असा न्याय होईल. आणि तसला न्याय करणाऱ्याचें म्हणणें न्यूयॉर्कांत कोणी मानणार नाहीं.

मग उपाय काय? मुख्यालय उचलून दुसरीकडे न्यावें अशी सूचना मधून मधून होते. ती आम्हांस पसंत नाहीं. जेथें नेऊं तेथेंहि यजमान असणारच, आणि त्याचेहि शत्रु असणारच. उपाय करारांतच आहे. एकविसाव्या कलमानें संघ व अमेरिका यांच्यांत वाद उत्पन्न झाल्यास तीन पंचांचा लवाद नेमावयाचा आहे. एक सरचिटणिसांनीं नेमावा, एक अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनीं, तिसरा दोघांनीं मिळून. आणि दोघांचें न जमल्यास तो आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या अध्यक्षांनीं नेमावा. १९८८ सालीं पॅलेस्टाइनच्या पुढाऱ्यांचें न्यूयॉर्कमधील कार्यालय बंद करण्याचा घाट घातला गेला, तेव्हां आंतरराष्ट्रीय न्यायालयानें २६ एप्रिल रोजीं एकमतानें मत दिलें कीं, अमेरिका या लवादास बांधलेली आहे. लवाद बसण्यापूर्वींच न्यूयॉर्कच्या मध्यवर्ती न्यायालयानें कार्यालयाच्या बाजूनें निकाल दिला व तो प्रसंग टळला. म्हणजे शस्त्र म्यानांत आहे, त्याची धार न्यायालयानें तपासलेली आहे; उपसण्याचें धैर्य तेवढें हवें. १९७१ पासून यजमान राष्ट्राशीं असलेल्या संबंधांची चौकशी करणारी संघाची एक समिति आहे. तिच्यापुढें वर्षानुवर्षें तक्रारी येतात, चर्चा होते आणि अहवाल निघतात. पंचायत भरते, पान खाऊन उठते, आणि वाट बंद ती बंदच राहते.

आमच्या मतें हिंदुस्थानानें पुढाकार घेऊन चार गोष्टी मागाव्या. पहिली, प्रतिनिधीच्या अर्जाचा निकाल किती दिवसांत लागावा याची मुदत ठरवावी, व मुदत टळल्यास तो नकार समजून वाद उपस्थित करण्यास संघास मोकळीक असावी. दुसरी, नकाराचीं कारणें सरचिटणिसांस लेखी कळवावीं. सुरक्षिततेचें कारण खरें असेल तर तें गुप्तपणें दाखविण्यास हरकत नसावी, परंतु मुळींच न दाखविण्याची मुभा नसावी. तिसरी, वाद मिटला नाहीं तर एकविसाव्या कलमाचा लवाद विनाविलंब बसवावा, आणि पंचांचा निकाल दोघांनींहि शिरसावंद्य मानावा. चौथी, प्रतिनिधींचीं कुटुंबें व त्यांचे चाकर यांचे हक्क या सर्व व्यवस्थेंत मुख्य मनुष्याच्या हक्काइतकेच स्पष्ट लिहावे. या चौथ्या मागणीस वजन यावें म्हणून आपल्या परराष्ट्र खात्यानें आपल्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या घरगुती नोकराचा पगार व कराराची प्रत आपणहून तपासण्याचा प्रघात पाडावा. त्यास कोणाची परवानगी लागत नाहीं.

अमेरिका बलाढ्य आहे, आणि तिच्यापुढें कागदी कलमें काय टिकणार, असें म्हणणारे लोक आमच्या पेठेंतहि भेटतात. त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, जगांत लहान व्यापारी टिकून राहिला आहे तो कागदावरील सहीच्या जोरावरच. मोठ्या सावकारानें सही नाकारली म्हणून ज्या दिवशीं लहानांनीं दस्त फाडून टाकले, त्या दिवशीं बाजार त्या सावकाराचाच झाला असें समजावें. १९४७ सालीं अमेरिकेनें एका दस्तावर सही केली. त्या सहीच्या मोबदल्यांत तिला जगाच्या राजधानीचा मान मिळाला, आणि तो मान ती आजहि उपभोगीत आहे. मोबदला घेतला आहे, तर वाट मोकळी करावी. दारांतून कोण येतो हें पाहून नव्हे, तर दार कोणासाठीं बांधलें हें स्मरून.